हरल्यावर दोष कोणाचा

आमच्या छापखान्यातल्या फोरमनकाकांमुळे माझी नोकरी टिकली, हे आधी सांगतो. मी नववीतून शाळा सोडून कोल्हापूरहून नागपूरला आलेलो. काकांच्या मोहल्ल्याचा फुटबॉल संघ दर रविवारी हरतो. सोमवारी मशीन पुसता पुसता काका म्हणतात, "मॅनेजर काय करते गा? पळाचं तं पोट्ट्यायलेच आहे ना!"

"काका, गोलकीपरला पुढं खेळवलं तर चूक मॅनेजरचीच की."

"चूप बस बे, कोल्हापुरी!"

एकदा प्रूफ वाचणारा सुटीवर होता, म्हणून काकांनी त्याच्या जागी मला बसवलं. लग्नाची तारीख चुकीची गेली आणि सगळ्या पत्रिका छापून झाल्या. मालक ओरडले, "याले आजच घरी पाठव!"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "त्याले काहून बोलून राहिले, शेठ? तिथं मीच बसवलं त्याले. बोलाचं तं मले बोला."

मालक त्यांना वाट्टेल ते बोलले. काका मान खाली घालून ऐकत राहिले.

पुढच्या रविवारीही संघ हरला. "पोट्टेच कामचोर," काका म्हणाले. मी पहिल्यांदाच मान डोलावली. काकांवर कधी अशी वेळ आली, तर माझ्या तोंडून शब्द फुटेल की नाही, देव जाणे. पण त्यांच्या बाजूनं पुढं होईन, एवढं नक्की.