रॉटरडॅममध्ये आबांचं नख

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर चहाबरोबर, हसायला म्हणून वाचत आलो. बायको चिडायची. म्हणायची, कुणाला खरंच आला असेल तर? मी म्हणायचो, पुरावा दाखव. आता मीच लिहायला बसलोय तर ती शेजारच्या खोलीतून मुद्दाम खाकरतेय. खाकरू दे.

मी बारामतीत लहान उद्योगांना सल्ला देतो. मसालेवाले, वर्कशॉपवाले, अलीकडे फळं निर्यात करणारे. वर्षातून एक-दोन परदेशवाऱ्या होतात आणि प्रत्येक वारीतून मी एक धडा घेऊन येतो - इथल्या हॉलमध्ये स्लाइडवर दाखवायला. जपानचा धडा, प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा. दुबईचा, दिलेली वेळ म्हणजे दिलेली वेळ. आणि माझा सगळ्यात लाडका, जर्मनीहून आणलेला - धंदा माणसावर नको, पद्धतीवर उभा करा. माणूस आजारी पडतो, रुसतो. पद्धत रुसत नाही. या वाक्याला टाळ्या हमखास. पुढे ते वाक्य मलाच गिळावं लागलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

निरवांगीचे संपतराव माझे क्लायंट. डाळिंबाची बाग, बागेशेजारीच पॅकिंगची शेड. त्यांचा पहिला कंटेनर रॉटरडॅमला जायचा होता. या व्यवहारात पहिलाच माल नापास झाला की तो खरेदीदार पुन्हा दारात उभं करत नाही. आणि संपतराव इथल्या व्यापाऱ्याला नाही म्हणून मोकळे झाले होते... माझ्या सांगण्यावरून.

शेडमध्ये अडचण एकच, संपतरावांचे वडील. आबा. ऐंशी ओलांडलेले. टेबलाच्या तोंडाशी बसायचे आणि एकेक डाळिंब कानाशी धरून बोटानं वाजवायचे. आवाज पटला नाही की देठाजवळ अंगठ्याचं नख रुतवायचे, फळ बाजूला. डाळिंब कधी कधी आतून काळं पडतं आणि बाहेरून लालबुंद दिसतं, भल्याभल्यांना कळत नाही. आबांना म्हणे आवाजावरून कळायचं. पूर्वी कधीतरी कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडून त्यांच्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलं होतं, त्यामुळे त्यांची खूण वेगळीच उमटायची - चंद्रकोर, पण मध्ये तुटलेली.

मी स्टॉपवॉच लावलं. आबांपायी टेबलावरच्या बायका हातावर हात ठेवून बसत होत्या. संपतरावांना म्हटलं, आबांना आता विश्रांती द्या.

"तुमीच सांगा त्यास्नी, सर. माझ्यानं न्हाय व्हायचं."

मी सांगितलं. दुबळ्या माणसाशी बोलतात तशा गोड आवाजात सांगितलं, त्याची आज लाज वाटते. आबांनी हातातलं फळ खाली ठेवलं. "बरं," म्हणाले. संध्याकाळी पिशवी भरून ते बावड्याला लेकीकडे, कमलताईंकडे निघून गेले.

रॉटरडॅमच्या मालाची तोडणी त्यानंतर आठवड्यानं सुरू झाली. हे महत्त्वाचं आहे म्हणून पुन्हा सांगतो - त्या मालातल्या एकाही फळाला पॅकिंगमध्ये आबांचा हात लागलेला नाही. यंत्रावर धुणं, पुसणं, दोन बायकांची नजर, मग खोकं. ओरखडा दिसला तरी फळ बाद. कंटेनरला सील माझ्यासमोर लागलं.

माल पोचला तेव्हा मीही तिकडे गेलो होतो. सकाळचे दहा, शीतगृहात कडाक्याची थंडी, बाहेर स्वच्छ ऊन. खरेदीदाराची तपासनीस, एल्स नावाची उंच, शांत बाई. तिनं एका खोक्यातून एक डाळिंब उचललं, कापलं. आत काळं. दुसऱ्या खोक्यातलं कापलं. काळं.

"तिसरंही असंच निघालं तर मी पूर्ण कंटेनर नाकारणार," ती म्हणाली. आवाज न चढवता.

 संपतरावांना फोन करून काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळवायला लागलो आणि उगाच, हाताला काहीतरी चाळा म्हणून, कापलेल्या फळाचा अर्धा भाग उचलला. देठाजवळ खूण होती. चंद्रकोर, मध्ये तुटलेली.

दुसरं फळ पाहिलं. तिथेही.

वाचकहो, फळाला झाडावर किंवा शेडमध्ये नख लागलं असतं तर समुद्रावरच्या इतक्या दिवसांत ती जागा वाळून तपकिरी झाली असती. मी बोट लावलं. बोटाला ओला रस लागला.

माझ्या तोंडून कसं निघालं माहीत नाही. म्हटलं, "आमचा तपासनीस खराब फळाला अशी खूण करतो. खुणेची फळं कापून बघा. मग बिनखुणेची."

एल्सनं माझ्याकडे पाहिलं, मग खोकी मागवली. खुणेची सात सापडली. सातही काळी. बिनखुणेची तिनं त्याच्या दुप्पट कापली. एकजात लाल, दाणे टपोरे. तिनं सुरी पुसली आणि म्हणाली, "अजब पद्धत आहे. खराब फळ ओळखता, खूण करता आणि तरीही पाठवता?"

 पद्धतीवर टाळ्या घेणारा माणूस मी, तोंडात मारल्यासारखा उभा राहिलो. शेवटी चार माणसं लावून खुणेची फळं वेगळी काढायची आणि बाकी माल घ्यायचा, असं ठरलं. तिच्या फॉर्मवर एक रकाना होता, माल तपासणाऱ्याचं नाव. मी तिथे आबांचं नाव लिहिलं. खोटं लिहितोय की खरं, तेव्हाही कळलं नव्हतं.

बाहेर येऊन संपतरावांना फोन लावला. माल पास झाला म्हणून सांगितलं. मग मी विचारलं, आबा परत शेडवर आले होते का?

"आबा? ते बावड्यालाच हायेत की. गेल्यापास्नं हिकडं पाऊल न्हाय टाकलं त्यांनी. का वं?"

खुणांचं सांगितलं. "सर, जेवलाय का तुमी?" एवढंच ते म्हणाले.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. यंत्राचा एखादा दात लागला असेल. मग तो फक्त नासक्या फळांनाच कसा लागला? कुणी बाईनं आबांची नक्कल केली असेल. मग जखम ओली कशी? एकाचं उत्तर जुळवलं की दुसरं सुटायचं.

परत आल्यावर आधी घरी न जाता बावड्याला गेलो. भर दुपार. आबा अंगणात बाजेवर बसलेले. शीतगृहात काढलेला खुणेचा फोटो मोबाईलवर मोठा करून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मोबाईल जवळ नेला, लांब नेला, अंगठा त्या खुणेशेजारी ठेवून पाहिला.

"नख माझंच हाय," म्हणाले. "पर मी तर हितं हुतो." त्यांचा चेहरा माझ्याइतकाच गोंधळलेला होता. ते पाहून मला जास्त भीती वाटली.

कमलताई पाणी घेऊन आल्या. मी तपासणीची तारीख सांगितली. तांब्या हातातच धरून त्या थांबल्या. "त्या दिशी व्हय? दुपारचं ताट वाढलं तसंच राहिलं बघा. आबा बाजेवर बसून नुसतं बोट वाजवत हुते, हाक मारली तर व्हय न्हाय की न्हाय न्हाय. मग अंगठा चोळत झोपले ते दिवे लागल्यावर उठले."

तिथले दहा म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच. मी आबांच्या नखाकडे पाहिलं. भेगेत काळा डाग होता. डाळिंबाचाच. पण ज्यानं सगळा जन्म डाळिंबं हाताळली, त्याच्या नखातला डाग कधीचा, कोण सांगणार?

आज संपतरावांचे कंटेनर नियमानं जातात. जर्मनीची स्लाइड मी काढून टाकली, तिच्या जागी काय लावावं ते मात्र सुचलेलं नाही. आणि त्या सकाळी शीतगृहात काय झालं याचं उत्तर माझ्याकडे नाही... ज्यांच्याकडे असेल त्यांनी जरूर लिहा, मी हसणार नाही.

त्या दुपारी अंगणात मी आबांचे पाय धरले. म्हटलं, आबा, चुकलं माझं, शेडवर परत चला.

 आबा अंगठा दुसऱ्या मुठीत धरून हळूहळू दाबत राहिले. पुढचं ते चेष्टेत म्हणाले की खरंच, मला आजही ठरवता येत नाही.

"चला," म्हणाले. "तितंच बसवा मला, सायेब. लांबनं लई दमायला हुतं."