बसवलेलं शिल्प

शुद्धलेखन चुकलं तर माफी असावी, अक्षरही वाकडं आहे; मी चौथीच शिकले.

विद्यापीठात आम्ही झाडणाऱ्या बायका दुपारी लिंबाखाली जेवतो. तिथे शिल्प बसवायला एक शिल्पकार आला. कानावर पेन्सिल ठेवून तो आमची शेंगाचटणी खायचा आणि सावली बघत राहायचा.

आमच्यातली सखू म्हणाली, "दादा, तुमी हितं शिल्प बसवल्यावर आमी कुटं बसायचं?"

मग त्याने दगडाचा वळणदार कट्टा घडवला. विद्यापीठाचे साहेब बघायला आले तेव्हा आम्ही त्यावर जेवत होतो.

"शिल्प कुठे बसवलं?" साहेबांनी विचारलं.

त्याने आमच्याकडे बोट केलं. "हे काय, बसलंय की."

साहेब म्हणाले, "पुतळा द्या, नाहीतर आगाऊ घेतलेली उचल परत करा."

त्याने कट्टा उचलला नाही. उचल मात्र हप्त्याहप्त्याने पूर्ण फेडली.