दिली नव्हे, पदरात घातली

‘पोरगी कुठं दिली?’ हे तुम्हीही कुणाला तरी विचारलं असेल ना? तेव्हा एकदा तरी वाटलं का, की आपण लेकराबद्दल बोलतोय की मोंढ्यात नेलेल्या मालाबद्दल?

जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत हा प्रश्न लग्नाचा. मी बारावीला असताना तो माझ्या पाच वर्षांच्या चुलत बहिणीबद्दल विचारला जाऊ लागला. ती रांगत होती तेव्हाच काकू तापानं गेली. काका एमआयडीसीत, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये. पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, कॅनडात राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. त्या वर्षी ती लांबलचक रजा काढून आली आणि लेकरू तिला आई म्हणू लागलं. दत्तक द्यायचं ठरलं.

पण कॅनडाला न्यायचं तर घरातल्या घरात ओटीत नारळ घालून भागत नव्हतं. चौकशीला एक बाई आल्या, लेकरू कुणाजवळ झोपतं इथपासून विचारून गेल्या. तिकडच्या लोकांनी आत्याचं घर पाहिलं. शेवटी उरली कोर्टाची परवानगी. आत्याची रजा संपत आली होती. परवानगी मिळाली नाही तर ती एकटीच परतणार होती.

कोपऱ्यावरचा कापडवाला काकांना रोज छेडायचा. “काय हो, पोरगी कॅनडात दिली म्हणं? हुंडा उलटा तुम्हीच घेतला आसंल!”

“पाच वर्साची हाय ती. तोंड बराबर चालव.”

गल्ली हसायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आमच्या घरात पडून असलेल्या हुंडाविरोधी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी वाचायला शिकले होते. याच माणसानं सतरा वर्षांची मुलगी मोटारसायकलीसकट ‘दिली’, तेव्हा हीच गल्ली पंगतीत बसली होती. आणि लेकरासाठी तळमळणाऱ्या बाईकडं लेकरू निघालं, तर तो सौदा?

कोर्टात न्यायाधीशांनी साधंच विचारलं, “मुलगी स्वखुशीनं दिली ना?”

काका ताडकन म्हणाले, “न्हाई साहेब! बिलकुल दिली न्हाई!”

वकिलांनी कपाळाला हात लावला. आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. भाऊ फिरला, असंच तिला वाटलं.

“मग इथं कशाला आलात?”

“साहेब, देतेत ते लग्नात. ही लेकरू हाय. मी बहिणीच्या पदरात घातली तिला. आता मी तिचा मामा. तसं म्हनायला शिकवून राह्यलो.”

“म्हणते का?”

काकांनी मान खाली घातली. “बाबामामा म्हन्ते.”

न्यायाधीश हसले. मग चष्मा काढून थोडा वेळ पुसत बसले. परवानगी मिळाली. माझी चुलत बहीण त्या दिवशी आतेबहीण झाली.

ती गेल्यावर दर रविवारी काका एसटीडी बूथवर जायचे. मीही जायची. बरेच महिने तिकडून ‘बाबामामा’ यायचं. एका रविवारी काका नुसता रिसीव्हर कानाला धरून उभे.

बूथवाला म्हणाला, “काका, मीटर पळून राह्यलं.”

“पळू दे,” काका म्हणाले. आणि मला हळूच, “नुसतं मामा म्हन्ली आज.”

येताना कापडवाल्यानं विचारलंच, “काय म्हन्ती, दिलेली पोरगी?” काका थांबले नाहीत. मी थांबले, आणि जे बोलायचं ते बोलले.

तुमच्याही गल्लीतून असं एखादं लेकरू दूर गेलं असेल. त्याच्या घरच्यांना कुठं दिलं, कितीत दिलं, असं विचारू नका. लेकराचं नाव घ्या, आणि विचारा: बरं आहे ना?