ओहोटीची वेळ सांगणाऱ्या कुमुदताई

माझ्या हातांनी बनवलेल्या वस्तू आधी सांगतो, म्हणजे पुढचं लिहिण्याचा माझा अधिकार काय ते वाचकांना कळेल. बोर्ली पंचतनच्या बाजारातल्या माझ्या दुकानाचं लाकडी काउंटर. आमच्या आळीतल्या देवळाचा अॅम्प्लिफायर. आजही खरखर न करता वाजतो. होड्यांवर चालणारा बॅटरी चार्जर. त्याची पेटी फायबरची, कारण खाऱ्या हवेत पत्रा टिकत नाही. मोठ्या वादळानंतर गावात वीज नव्हती तेव्हा गाडीच्या बॅटऱ्यांवर मोबाईल चार्ज करायचा फळा. सुपारीच्या बागेतला पंप मिस कॉलवर चालू-बंद करणारा डबा. आणि तालुक्यात ‘ओहोटीची लाईन’ म्हणून ओळखली जाते ती टेलिफोन सेवा. शाळा नववीपर्यंत. पुढचं सगळं आधी रेडिओ उघडून आणि नंतर इंटरनेट धुंडाळून शिकलो. शिकवणारा कुणी नव्हता, म्हणून चुकाही माझ्याच.

यातल्या शेवटच्या वस्तूबद्दल मात्र नीट सांगायला हवं. तिच्यातल्या वायरी आणि प्रोग्रॅम माझे, डोकं कुमुदताई चोगल्यांचं. ताईंची यंदा पंचाहत्तरी. त्यानिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथात समितीनं मला लिहायला सांगितलं, हा मी माझाच मान समजतो.

ताई आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. आपल्यापैकी निम्म्या लोकांना जगात आल्यावर पहिला हात त्यांचा लागला असेल. पण माझी त्यांची ओळख झाली ती त्या निवृत्त झाल्यावर, आणि तीही पंपाच्या डब्यामुळे. एक दिवस त्या दुकानात आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, “तो पंपाचा डबा तूच केलास व्हय रे?”

“हो, ताई.”

“बाजारातनं मिस कॉल दिला की तिकडं बागेत पंप सुरू होतो?”

“होतो.”

“फोन कुणी उचलत न्हाय, बोलत न्हाय, पैसं पडत न्हाईत. तरी पंपाला कळतं. मग दिनकरा, बाईचं कुणाला तरी कळंल असं कायतरी कर की!”

मग त्या स्टुलावर बसल्या आणि सांगत राहिल्या. अंगणवाडीत पोरांची रांग लांब आणि पोरींची आखूड, हे त्यांच्या डोळ्यांदेखत होत गेलं होतं. पहिल्या एक-दोन मुली असलेली बाई तिसऱ्या खेपेला उपकेंद्रात नाव नोंदवी, मग घरचे तिला ‘कामानिमित्त’ शहरात नेत, आणि परत आल्यावर सांगत, पडलं. ताई म्हणाल्या, “पडलं न्हाय रे, पाडलं.” एका कान्याचा फरक! मी अक्षरांच्या बाबतीत काटेकोर आहे. तो काना माझ्या डोक्यातून गेला नाही.

पहिली लाईन मी माझ्या अकलेनं केली. जुना कॉम्प्युटर, त्याला सिम घालायचं मोडेम, आणि नोंदणी झालेल्या गरोदर बायकांच्या नंबरावर आपोआप जाणारा फोन. आवाज माझाच, शुद्ध: “आपल्यावर गर्भलिंग तपासणीसाठी दबाव येत असल्यास एक दाबा.” बटण दाबलं की फोनमधून दोन सूर एकदम निघतात. त्या जोडीवरून आकडा ओळखणारा प्रोग्रॅम मी रात्रंदिवस खपून लिहिला होता. लाईन तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होती, हे आजही सांगतो.

आठवड्यानं एक म्हातारी तणतणत दुकानात आली. “मेल्या, एक दाबला त्याला किती दिस झालं! सिलेंडर आला न्हाय अजून!”

ताई तेव्हा तिथेच होत्या. म्हातारी जाईपर्यंत त्यांनी पदर तोंडात धरून ठेवला होता, मग पोट धरून हसल्या. आणि हसता हसता एकदम थांबल्या. “फोन कुणी उचलला? सासूनं. घरातला फोन सासूकडं न्हायतर नवऱ्याकडं. मग आपण इचारतोय कुणाला? आणि ह्ये गर्भलिंग म्हंजे काय रे? सिलेंडरच्या कंपनीचं नाव वाटतंय.”

दुसरी लाईन ताईंच्या डोक्यातून आली. फोन आपण करायचा नाही, लोकांनी करायचा. मिस कॉल द्यायचा, लाईन उलट फोन करते. एक दाबला की भरतीची वेळ, दोन दाबला की ओहोटीची, तीन दाबला की बंदरावरचा म्हावऱ्याचा, म्हणजे मासळीचा, भाव. सगळ्या घराला उपयोगाची गोष्ट. त्यातही ओहोटीची वेळ सुनांना लागतेच, कारण कालवं काढायला खडकावर त्याच जातात. त्यामुळे सुनेनं हातात फोन घेतला तर कुणाच्या कपाळाला आठी पडायचं कारण नाही. आणि नऊ दाबला तर? कानाला ओहोटीची वेळच ऐकू येते. फक्त दाबणाऱ्या बाईचा नंबर ताईंच्या फोनवर जातो. नवाचं गुपित ताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर प्रत्येक गरोदर बाईच्या कानात सांगत, वजन करताना. (खरा आकडा वेगळा आहे; तो इथे छापत नाही.)

आवाज ताईंचा. मी पुन्हा माझा देऊ पाहत होतो. त्या म्हणाल्या, “दिनकरा, तू बोललास की वाटतं कुणीतरी वारलं. म्हावऱ्याचा भाव असा सांगतात व्हय?” त्या रोज सकाळी बंदरावर स्वतः फिरत, भाव विचारत आणि मग सांगत. एकदा सुरमईचा भाव चुकला तर बाजारात उभं राहून त्यांनी माफी मागितली. मला ते जास्तच वाटलं. त्या म्हणाल्या, “भाव खोटा निघाला तर लोक फोन करायचं सोडतील. मग ती एक बाई एकटीच फोन करणारी उरंल आणि सापडंल.” होडीवाल्या नाखवा मंडळींना तिथीवरून भरती-ओहोटी तोंडपाठ असते, पण नर्सबाई चुकतात का ते बघायला सगळ्यात जास्त मिस कॉल त्यांचेच येत.

नऊ दाबणाऱ्या बाईला उलट फोन करायचा तर काय सांगून? ताईंनी तेव्हा ठरवलं (आता निमित्त बदललंय), शिंपीण म्हणून. “ब्लाउजच्या मापाला ये.” मी म्हटलं, उत्तम, खोटं पचेल. त्या म्हणाल्या, “खोटं कशाला?” आणि साठी उलटलेल्या त्या बाईंनी शिवणयंत्र घेतलं, शिकल्या आणि खरोखर ब्लाउज शिवू लागल्या. आमच्या घरातही एक आहे. गौरवग्रंथ असला तरी खरं लिहायला हवं: काखेत घट्ट आहे.

आता ज्या एका घटनेसाठी मी ही सगळी पानं मागून घेतली, ती सांगतो. बाईचं खरं नाव लिहीत नाही, मंगल म्हणू. दोन मुली, तिसऱ्यांदा दिवस गेलेले. तिनं नऊ दाबला. ताईंनी फोन केला तो सासूनं उचलला. “माप आत्ता न्हाय, ताई. परवा आमी शहरात चाललोय मंगलला घेऊन. आल्यावर बघू.”

शहरात कशासाठी, ते ताईंना विचारायची गरज नव्हती. मी म्हटलं, पोलिसांना कळवू. त्या म्हणाल्या, तालुक्याच्या आरोग्य कार्यालयाला शहरातल्या त्या सोनोग्राफी सेंटरबद्दल लेखी कळवलंय, ते त्यांचं काम करतील, “पण परवा मंगल त्या गाडीत बसणार हाय. ते काम आपलं.”

त्या दिवशी पहाटे मंगलच्या दारात भाड्याची गाडी उभी होती, आणि गाडीशी हातात पिशवी घेऊन कुमुदताई. मागे मी.

“ताई, तुमी कुठं?” सासूनं विचारलं.

“मशीनची सुई तुटली गं. या मापाची बोर्लीत मिळत न्हाय. सरक जरा आत.”

नवरा म्हणाला, “ताई, गाडी फुल्ल हाय.”

“दिनकर बसंल मागं सामानात. त्याला डब्यांत ऱ्हायची सवय हाय.”

नर्सबाईंना गाडीतून उतर म्हणायची कुणाची छाती? त्या सासू आणि सून यांच्या मधोमध बसल्या. म्हसळ्याला चहा झाला, वडापाव झाला. शहरात पोचल्यावर सुयांची पुडी घेतली. मग ताई म्हणाल्या, “माझं झालं. आता तुमचं काय काम?”

सासू चाचरली. “तसं कायी न्हाय... जरा डाक्टरकडं.”

“चला की मग. मीबी येते. माझा जन्म डाक्टरांच्यात गेला, तुमाला कुणी फसवायला नको.”

मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. नवरा म्हणाला, “आज डाक्टर न्हाय म्हणतात.”

“मग सरकारी दवाखान्यात जाऊ. तो कुठं जात न्हाय.”

तिथं मंगलची साधी तपासणी झाली. अंगात रक्त कमी निघालं, गोळ्या मिळाल्या. परतताना गाडीत सासूच बोलली, खिडकीकडे तोंड करून. “मला पयल्या चार पोरी, ताई. मग ह्यो. माझ्या सासूनं मला काय काय ऐकवलं ते माझं मला ठावं. हिचं तसं नको व्हायला, एवढंच माझ्या मनात.”

ताईंनी वाद घातला नाही. नुसतं म्हणाल्या, “तुला ऐकवणारी तुझी सासू होती. मंगलची सासू कोण?”

मी मागे सामानात होतो. सासूचा चेहरा मला दिसला नाही. मंगलचा हात दिसला. तिनं ताईंच्या पिशवीचा बंद घट्ट धरला होता.

गाडी आणखी दोनदा ठरली. एकदा ताईंना दोरा हवा होता आणि एकदा पुन्हा सुया. तिसऱ्या खेपेला नवऱ्यानं कपाळाला हात लावला. “ताई, तुमाला अजून किती सुया लागतात?”

“मंगल बाळंत होईपर्यंत लागतील, बाबा.”

तो हसला. खरंच हसला, मी पाहिलं. त्यानंतर गाडी ठरली नाही. मंगलचं मूल आज शाळेत जातं. मुलगा की मुलगी, असं मला बरेच जण विचारतात. ते मी लिहिणार नाही. लिहिलं तर घर ओळखू येईल. शिवाय तो प्रश्न ताईंसमोर विचारून बघा, म्हणजे कळेल.

कुणाला वाटेल, ताई गर्भपाताच्याच विरुद्ध आहेत. तसं नाही. तीन मुलांच्या एका आईनं नऊ दाबला होता. तिला आणखी मूल झेपणार नव्हतं, मुलगा असो की मुलगी. ताई स्वतः तिला सरकारी रुग्णालयात घेऊन गेल्या आणि परत येईपर्यंत तिच्या उशाशी बसल्या. एका कार्यकर्त्यानं नाक मुरडलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “तिला मूल नको होतं. मुलगी नको, असं ती म्हणाली न्हाय. या दोन गोष्टी येगळ्या हायत.”

माझ्यावर त्यांचं प्रेम आहे, पण ते टोचून व्यक्त होतं. मला मधुमेह आहे. दर सोमवारी ताई दुकानात येऊन, गिऱ्हाईक असलं तरी, माझं बोट पुढे ओढून सुई टोचतात. “भजी खाल्लीस.” “दोनच, ताई.” “मग यंत्र खोटं बोलतंय व्हय? तूच म्हणतोस ना, यंत्र खोटं बोलत न्हाय?” माझ्याच वाक्यानं मला गप्प करणाऱ्या त्या एकट्याच.

आमचं एकच मोठं भांडण झालं, तेही मंगलच्या प्रकरणानंतर. ताईंनी विचारलं, “तुझ्या कॉम्प्युटरात मंगलचा नंबर हाय?” मी अभिमानानं दाखवला. कुणी कधी नऊ दाबला, कोणत्या गावातून, सगळं रंगीत तक्त्यात मांडलेलं. त्या म्हणाल्या, “पूस.” मी म्हटलं, ताई, नोंद नसेल तर आपण काम केलं हे मानणार कोण? त्या म्हणाल्या, “मानायचं कुणी हाय? नंबर तिचा हाय. तिनं तो मला सांगितला, तुझ्या तक्त्याला न्हाय.” मी कित्येक दिवस त्यांच्याशी बोललो नाही. मग बसलो आणि पुसणारा प्रोग्रॅम लिहिला. पुसणं म्हणजे नुसतं काढून टाकणं नव्हे. त्या जागेवर दुसरं काही लिहावं लागतं, नाहीतर जाणकार माणूस ते परत काढतो. तेव्हापासून नऊ दाबणाऱ्या बाईशी ताईंचं बोलणं झालं की तिचा नंबर उरत नाही. फोन कंपनीकडे दिसतो तो फक्त मिस कॉल आणि लाईनचा उलट फोन, आणि ते तर अख्ख्या तालुक्याचे दिसतात.

ताईंना निरोगी दीर्घायुष्य लाभावं, हे नुसतं लिहून भागणार नाही. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू त्या गेली काही वर्षं पुढे ढकलताहेत. समितीनं शाल देण्याआधी ऑपरेशनची तारीख घ्यावी, नेण्या-आणण्याची जबाबदारी माझी. त्यांचा आवाज अजून पुष्कळ सकाळी आपल्या कानावर पडत राहो, आणि लवकरच असा दिवस येवो की लाईनवर फक्त ओहोटीच विचारली जाईल.

आता एक गोष्ट, जी ताईंना मी आजवर सांगितलेली नाही. मागे एक गृहस्थ दुकानात आले. कपडे स्वच्छ, बोलणं गोड. आधी चार्जर विकत घेतला, मग विषय काढला. शहरातल्या एका सेंटरच्या वतीनं आले होते. नऊ दाबणाऱ्या बायकांचे नंबर हवे होते, जुने आणि यापुढचेही. “घरच्यांना समजावून सांगू, दुसरं काय नाय,” म्हणाले. जुने नंबर नव्हतेच. तेवढं सांगून मला मोकळं होता आलं असतं. पण यापुढचे देणं प्रोग्रॅमच्या दोन ओळींचं काम होतं, आणि ते करू शकणारा माणूस तालुक्यात एकच आहे. दोन लाखांपासून त्यांनी सुरुवात केली. मी भाव करतोय असं त्यांना वाटलं, म्हणून ते वर चढत गेले. मी प्रत्येक वेळी नाही म्हटलं. शेवटचा आकडा सहा लाख रुपये होता, रोख. आपण काम केलं याची एवढी एकच नोंद मी पुसलेली नाही.