दोन दातांचा फरक

"जोर नको लावू. त्याले इचार, तुनी जागा कोठे शे."

चाचा हे सगळ्यांना सांगायचे. बोल्ट बसत नसला तरी हेच, गिअर अडकला तरी हेच. माझ्या भावाच्या पोराचं लग्न जमत नव्हतं, भाऊ गॅरेजवर रडगाणं घेऊन आला, तर त्यालाही हेच सांगितलं. सांगताना उजव्या हाताचा अंगठा हवेत फिरवायचे. समोर एखादं चाक आहे आणि आपण त्याचे दात चाचपतोय, असा.

तुम्हीही असे मिस्तरी पाहिले असतील. बोलतात कमी आणि चहा गार झाल्यावर पितात. आमचे चाचा धुळ्यात आग्रा रोडला गिअरबॉक्सचं काम करायचे. दुसरं कुठलंच काम घ्यायचे नाहीत. घरी उर्दू, आमच्याशी अहिराणी. आता ते नाहीत. त्यांच्या जागेवर टायरवाला बसतो.

मी त्यांच्याकडे एकोणीस वर्षं सामान धुतलं. माझा नवरा धरणगावला जिनिंगमध्ये होता. छातीत कापूस बसला, गेला. पोराला घेऊन मी धुळ्याला भावाकडे आले. भावजय काही बोलली नाही, पण ताट वाढताना तिचा हात आखडायचा ते दिसायचं. मग मी काम शोधलं. रॉकेलच्या घमेल्यात गिअर धुवायचे, ब्रशने काळं काढायचं, गोणपाटावर ओळीने मांडायचं. बायका असलं काम करत नाहीत. येणारे-जाणारे बघायचे. चाचांनी एकदा एकाला विचारलं, "काय पाहस? हात कधी दखा नही का?" मग कोणी बघितलं नाही.

रॉकेलने माझ्या हाताची सालं निघायची. चाचांनी रबराचे मोजे आणले. मी दोन दिवस घातले आणि खुंटीला टांगले, कारण मोज्यातून बोटाला काही कळत नाही. त्यानंतर थंडी सुरू झाली की माझ्या घमेल्याशेजारी व्हॅसलीनची डबी यायची. कोणी ठेवली ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आंब्यांची करंडी. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. मला माहेर म्हणजे ती भावजय. पहिल्याच वर्षी चाचांनी करंडी घरी पाठवली आणि निरोप दिला, अक्काला म्हणावं आज कामावर यायचं नाही, आज लेकी काम करत नाहीत. दरवर्षी यायची ती करंडी.

मी दुसरी शिकलेली. वाचता येत नाही म्हटलं तरी चालेल. पण मोजता येतं, विसा-विसाने. आंबे असो, गोवऱ्या असो, आम्ही बायका तशाच मोजतो. चाचांचे डोळे अधू व्हायला लागले तेव्हा ते मला दात मोजायला सांगायचे. मी एका दाताला खडूचा ठिपका द्यायची आणि तिथून सुरू करायची. "एक ईसा नि सतरा," मी सांगायची. चाचा मनात हिशेब बदलून घ्यायचे, सदतीस. मग स्वतः अंगठ्याने मोजायचे. माझ्यावर भरवसा नव्हता असं नाही. सगळं दोनदा मोजायची त्यांची रीत होती. एकदाच चुकली ती रीत, तेच सांगायचंय.

माझा पोरगा गुलाब पिंपळनेरच्या वर डोंगरात एका छोट्या दवाखान्याची गाडी चालवतो. पाड्यांवरून आजारी माणसं, अडलेल्या बाया खाली आणायच्या, बऱ्या झाल्या की वर पोचवायच्या. मधे एक बारी, म्हणजे घाट, लागते, फार उभी. जुनी गाडी चारी चाकं ओढणारी होती, आणि तिला दोन दांड्या होत्या. एक नेहमीची गिअरची, शेजारी दुसरी बुटकी. बुटकी खाली पाडली की सगळे गिअर सावकाश व्हायचे. गाडी चालायची हळू, पण ओढायची बैलासारखी. ती गाडी गंजून गंजून संपली. मग कोणीतरी दवाखान्याला त्याच कंपनीची नवी गाडी दिली. चारी चाकं तिचीही ओढायची, पण गिअर आपोआप पडायचे आणि बुटकी दांडी नव्हतीच. सपाटीला राणी. बारीत, भरलेली असली की, तापायची आणि थांबायची.

श्रावणात एक बाळंतीण घेऊन गुलाब वर चालला होता, तर गाडी थांबली आणि मागे सरकायला लागली. त्या बाईच्या सासऱ्याने उडी मारून चाकामागे दगड टाकला. गुलाबने मला हे सांगितलं ते हसत हसत. पोरं आईला असंच सांगतात. मी हसले नाही. मी दुसऱ्या दिवशी चाचांना सांगितलं.

दुसऱ्या गॅरेजांतल्या मिस्तरींनी गुलाबला परत पाठवलं होतं. म्हणाले, जुन्या गाडीचा गिअरचा डबा नव्या गाडीत घालशील तर तिचा कॉम्प्युटर तिला चालूच होऊ देणार नाही. चाचांनी ऐकून घेतलं, अंगठा फिरवला आणि म्हणाले, गाडी घेऊन ये, जुन्या गाडीचा डबाही घेऊन ये, आणि क्लचचं पेडल विसरू नको.

पुढचा उन्हाळाभर काम चाललं. नव्या गाडीला क्लचच नव्हता, तो बसवला. दोन सीटांमधल्या पत्र्याच्या बोगद्याला बुटक्या दांडीसाठी भोक पाडलं. वायरमनने दोन वायरी जोडून कॉम्प्युटरची समजूत काढली. दोन दांड्यांचा जुना डबा मी तीन दिवस धुतला. या गाडीची एक खोड आहे. पुढच्या चाकांना फिरवणारं मोठं दातेरी चाक, क्राऊन म्हणतात त्याला, ते डब्याच्याच पोटात असतं. मागच्या चाकांचा क्राऊन मागे, दोन चाकांच्या मधल्या वेगळ्या लोखंडी गोळ्यात. डब्यातला क्राऊन धुताना मी सवयीने मोजला. एक ईसा नि सतरा.

मागचा गोळा नव्या गाडीचाच होता. तेल बदलायला म्हणून उघडला. चाचा घाईत होते, पाऊस तोंडावर आला होता. मी पुसत होते, मोजत होते. एक ईसा नि एकोणीस आले. पुन्हा मोजले. तेवढेच. चाचांना सांगायला गेले तर म्हणाले, "कंपनी एकच, दात बी एकच. तू पुस आन बंद कर."

मी बंद केला. इतक्या वर्षांत मी त्यांना उलटून बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तयार. गुलाब आंघोळ करून, कपाळाला टिळा लावून आला होता. चाचांनी त्याच्या हातात चावी दिली. मी उठले आणि गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिले. कालचं परत सांगितलं, दोन दात जास्त आहेत म्हणून. गॅरेजमधले चार मिस्तरी बघत होते. चाचांचा चेहरा लाल झाला.

"तू माले शिकाडस का?"

मी म्हटलं, "गाडी मना पोऱ्या चालाडी, चाचा. मोजी ल्या."

चाचांनी गाडीखाली सतरंजी ओढली, मागचा गोळा उघडायला लावला आणि खाली सरकले. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. एकदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजत असताना पाय हलायचे थांबले.

बाहेर आले ते कपड्याला हात पुसत. माझ्याकडे बघितलं नाही. चौघा मिस्तरींकडे बघून म्हणाले, "चूक मनी व्हती. अक्कानी धरी."

मग गुलाबला समजावलं. पुढची चाकं एका गतीने, मागची दुसऱ्या गतीने, दोघं आपसात भांडतील. चिखलात कळणार नाही, चाकं घसरून घेतील. कोरड्या रस्त्यावर महिनाभरात डबा फाटेल. आणि ओझं घेऊन चढताना फाटेल, सपाटीला नाही. गुलाबने कपाळाचा घाम पुसला तर टिळाही पुसला गेला.

जुन्या गाडीचा मागचा गोळा दवाखान्याच्या आवारात पडलेला होता. गुलाबने तो गोणीत बांधून एसटीने आणला. कंडक्टरने विचारलं, काय आहे? गुलाब म्हणाला, डोंगरातला कोहळा. कंडक्टरने उचलून बघितला आणि म्हणाला, खतं फार टाकता बाबा तुम्ही. चाचा ऐकून एवढे हसले की त्यांना खोकला आला. चूक सापडल्यापासून चार दिवसांत ते पहिल्यांदा हसले. त्या गोळ्याचे दात त्यांनी मोजले, मी मोजले, वायरमनलाही मोजायला लावले. एक ईसा नि सतरा.

गोळा बसवला आणि बारीत आम्ही तिघं गेलो. मागे वाळूच्या गोण्या, ओझं म्हणून. मी गोण्यांशेजारी. माझा पोरगा रोज कुठून जातो ते मी तोवर पाहिलं नव्हतं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. जिथे गाडी मागे सरकली होती, बरोबर तिथेच चाचांनी थांबायला सांगितलं. उभ्या चढावर. गुलाबने हँडब्रेक ओढला. मी डोळे मिटले. चाचांनी स्वतःच्या हाताने बुटकी दांडी खाली घेतली आणि म्हणाले, "सोड."

गाडी निघाली. ना धक्का, ना ओरडणं. एका सुरात, मुंगी भिंत चढते तशी. मी डोळे उघडले तेव्हा झाडांचे शेंडे आमच्या खाली होते. मला रडू आलं नाही. भूक लागली. श्रावणापासून मला धड भूक लागली नव्हती, ते तेव्हा कळलं. वर पोचल्यावर मी तीन भाकरी खाल्ल्या, मिरचीच्या ठेच्याबरोबर. चाचा दगडावर बसून बघत राहिले आणि आपली अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. गाडी चालते आहे. चाचा दुसरा पावसाळा संपता संपता गेले, घरीच, दुपारी, कोणाला त्रास न देता. त्यांच्या सुनेने मला आत बोलावलं आणि बायकांमध्ये बसवलं. चाचांचे हात स्वच्छ धुतलेले होते. मला ते ओळखू आले नाहीत.

म्हणून मी ते हात आठवत नाही. मी ती बारी उतरतानाचं आठवते. उतारावरही गुलाबने बुटकी दांडी खालीच ठेवली होती. ब्रेकवर पाय नव्हता, गाडी आपलं वजन आपणच धरून उतरत होती. पुढून काहीच आवाज येईना म्हणून मी वाकून बघितलं. चाचांची मान खिडकीला टेकली होती, टोपी एका कानावर आली होती, तोंड उघडं होतं.

"आई," गुलाब हळूच म्हणाला, "चाचा झोपी गयात."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पिंपळनेर येईपर्यंत वाटेत चार वळणं लागली, मेंढरांचा एक कळप आडवा आला, पण गुलाबने हॉर्न वाजवला नाही.