बारवेतला खो

नांदेडच्या कॉलेजात मी खो-खोच्या संघात शिरले ती फुकटच्या ट्रॅकसूटसाठी. निलंग्याहून निघताना आईनं बजावलं होतं, तिथं उड्या मारत बसू नकोस, अभ्यास कर. ट्रॅकसूट मिळाला आणि सोबत एक कॅप्टन मिळाली. बिलोलीकडच्या एका खेड्यातली, अंगानं काडी आणि शिस्तीनं हवालदार. पहाटे मैदानावर उशिरा येणारीला ती रागवत नसे, नुसती बघायची. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

ही शिस्त किती खोल आहे ते मला लातूरला कळलं. आंतरमहाविद्यालयीन सामन्याच्या सकाळी खुद्द तीच उशिरा आली. मावशीकडे उतरली होती, रिक्षा मिळाली नव्हती. आली ती सरळ पहिल्या डावातून स्वतःचं नाव काढून बाहेर बसली. खेळाच्या सरांनी हात जोडले, आम्ही विनवण्या केल्या. उशिरा येणारी बाहेर, हे मीच ठरवलं होतं की, एवढंच ती म्हणाली. तिच्याशिवाय तो डाव खेळताना आमच्या नाकी नऊ आले. शेवटी जिंकलो कसेबसे. मला तिचा भयंकर राग आला होता, आणि त्याच रागात वाटत होतं की आपण हिच्या संघात आहोत हे केवढं भाग्य.

त्याच हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर आलं. गाव ठरवायची वेळ आली तेव्हा कॅप्टननं स्वतःचंच गाव मागून घेतलं. तिथली जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, गाळानं बुजली होती, ती उपसायची होती. एसटीत माझ्याशेजारी बसून तिनं खरं कारण सांगितलं. तिचं घर ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत. तिच्या आजीला त्या बारवेच्या पायऱ्या बंद होत्या. पुढे नळ आले, बारव ओस पडली, आणि तो प्रश्न न सुटताच मिटला. आता उतरा असं कुणी म्हटलं नाही, आणि वस्तीतलंही कुणी उतरून बघितलं नाही.

"माझी माय अजून एकबी पायरी उतरली न्हाई," ती म्हणाली. "तिला तिथं सगळ्यांसोबत बघायचंय मला. गाळ निघंल न्हाईतर न निघंल."

आमच्या घरी शेतीवाडी, विहीर स्वतःची. मी तिच्यापुढे शेंगदाण्याची पुडी धरली.

सुरुवातीला आम्ही मुलीच राबलो. वरचा गाळ निघाला, खालचा चिखल मात्र निघेना. भरलं घमेलं घेऊन चढताना पाय घसरायचे, आणि गाव काठावर बसून फुकटचा तमाशा बघायचं. मग एका संध्याकाळी कॅप्टन ओढ्याच्या दोन्ही बाजूंना घरोघर फिरली. दुसऱ्या दिवशी बाया आल्या, पदर खोचून आल्या. पण गावातल्या डावीकडे उभ्या राहिल्या, वस्तीतल्या उजवीकडे, आणि मधे एक म्हैस आरामात बसेल एवढी जागा. भांडण नव्हतं. हसणंबोलणंही चाललं होतं. फक्त ती जागा होती.

तिच्या जागी मी असते तर भाषण ठोकलं असतं आणि सगळं घालवलं असतं. तिनं फक्त सांगितलं की पायऱ्यांवर साखळी करायची, खो-खोला बसतात तशी. एकीचं तोंड या भिंतीकडे, पुढचीचं त्या भिंतीकडे. म्हणजे कंबर फार वळवावी लागत नाही. आणि ती बायांना हाताला धरून उभी करत सुटली, एक इकडची, एक तिकडची. कुणाला विचार करायला वेळच दिला नाही. स्वतःची आई वरच्या पायरीशी अडखळली, तेव्हा लेकीनं हात पुढे केला. आई उतरली आणि मधल्या पायरीवर उभी राहिली. तिच्या वरच्या पायरीवर गावातल्या मोठ्या घरची म्हातारी होती. कॅप्टनची आई त्यांच्याच शेतात खुरपायला जायची.

मी खाली कॅप्टनबरोबर गुडघाभर चिखलात होते. पहिलं घमेलं भरून वर गेलं, हातोहात आईपर्यंत पोचलं. आईनं ते घेतलं, आणि म्हातारीच्या पायांजवळ पायरीवर ठेवलं. ठेवून दोन्ही हात मागे घेतले. तिनं ते मुद्दाम केलं नव्हतं. जन्मभर त्या घरच्यांपुढे ती असंच, शिवाशिव नको म्हणून, ठेवत आली होती.

साखळी थांबली. आता म्हातारी वाकून घमेलं उचलणार आणि दिवसभर हे असंच चालणार हे मला दिसत होतं.

"माय," कॅप्टन खालून म्हणाली. आवाज मैदानावरचा, शांत. "खो खाली ठेवत नसतेत. हातानं द्यायचा असतो."

आई हलली नाही. तिनं म्हातारीकडे बघितलं. म्हातारी त्या घमेल्याकडे बघत होती. मग तिनं हात पुढे केले.

"दे माय, हातातच दे," ती कुरकुरली. "माझी कंबर कुठं वाकतीय आता."

आईनं घमेलं उचललं आणि तिच्या हातात दिलं. ते वर निघून गेलं. पुढचं घमेलं आलं तेव्हा आईनं ते खाली ठेवलं नाही. म्हातारीकडे वळली, तिच्या हातात देता देता अगदी हळू आवाजात म्हणाली, "खो."

शेजारी बघते तर कॅप्टनच्या हातातलं फावडं थांबलेलं. वर आईकडे तोंड करून ती नुसती उभी होती, आणि डोळे पुसायचंही तिला भान नव्हतं.