भाऊसाहेबांच्या पसंतीची बेस गिटार

"ताई, डाव्या हाताची दोन बोटं सुन्न पडून राहिली," असं म्हणत विलासनं आपली बेस गिटार माझ्या काउंटरवर ठेवली. मी अमरावतीत वाद्यं दुरुस्त करते, बोटं नाही. पण गिटार उचलली आणि दुखणं समजलं. एवढं जड धूड रोज डाव्या खांद्यावर लटकवल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टरनंही गिटार बदलायला सांगितलं होतं.

विलास अकोल्याच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवतो. बेस म्हणजे चार जाड तारांची, गाण्याला खालून आधार देणारी गिटार. वाजते तेव्हा कुणाचं लक्ष नसतं, थांबली की गाणं पोकळ वाटतं. भीमजयंतीचे कार्यक्रम तोंडावर आले होते. बोटं चालली नाहीत तर विलासची जागा मालकाच्या भाच्याला जाणार होती.

मालक भाऊसाहेब सोबतच आले होते. मूळचे वरूडचे संत्र्याचे व्यापारी. गिटारही त्यांनी संत्र्यासारखीच घेतली होती, हातात तोलून.

"जड संत्र्यात रस असते, ताई. हलकं आतून सुकं निघते."

"गिटार पिळायची नसते, भाऊसाहेब."

मी एक हलकी बेस काढली, विलासच्या गळ्यात अडकवली आणि त्याला दोन्ही हात सोडायला सांगितले. हे पाहावंच लागतं. काही हलक्या गिटारींची मान जड असते, ती खाली झुकते आणि डावा हात तिला सावरण्यातच दमतो. ही जागची हलली नाही. विलास वाजवायला लागला तो थांबेचना. मला फार बरं वाटलं.

भाऊसाहेबांनी ती हातात तोलली. "हे तं खेळणं आहे. काहून आवडलं रे तुले?"

माझं डोकं फिरलं. "तुमची जड गिटार तुम्हीच गळ्यात घाला. चहा येईपर्यंत काढायची नाही."

"त्यात काय मोठं!"

आमचा चहावाला स्वतःच्या मर्जीनं येतो. भाऊसाहेब आधी ऐटीत उभे राहिले. मग त्यांनी पट्टा सारखा केला. मग खांदा बदलला. मग स्टुलाकडे पाहू लागले. चहा आला तेव्हा कप धरायला हात वर जाईना.

"ते हलकं बांधून द्या," ते विलासकडे न बघता म्हणाले.

जयंतीला विलासच वाजवत होता. बोटंही आता ठीक आहेत. बेस हलकीच घ्यावी, हा शोध आपणच लावला असं भाऊसाहेब अकोलाभर सांगत फिरतात. फिरोत. माझा अनुभव एवढाच, की वाद्य पसंत करणाऱ्याच्याच गळ्यात आधी ते अडकवावं. निर्णय लवकर होतो.